रोमनांची चिल्लर

गेटवे ऑफ इंडियाच्या मधल्या कमानीवर, मान बरीच वर केली तर दिसेल असा, एक इंग्रजी लेख कोरलेला आहे. बादशहा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी हिंदुस्थानात उतरले त्याचं स्मारक म्हणून ही वास्तू उभारली, दिवस डिसेंबरचा दुसरा, अशा अर्थाचा. खाली फोटो काढणाऱ्यांच्या गर्दीत तो वाचणारे थोडे, आणि वाचणारेही शेवटच्या शब्दापाशी अडखळतात, कारण तो शब्दच नव्हे. एम-सी-एम-एक्स-आय. ते साल आहे. (त्या साली हे दार नव्हतंच, ही आणखी एक गंमत. पायाचा दगड १९१३ ला बसला आणि वास्तू खुली झाली १९२४ ला.)

साल कसं काढायचं ते बघा. पहिला एम म्हणजे हजार. त्यापुढे सी आणि एम. सी म्हणजे शंभर, पण तो मोठ्याच्या, हजाराच्या, आधी येऊन बसलाय, म्हणून तो मिळवायचा नाही, हजारातून वजा करायचा. झाले नऊशे. मग एक्स दहा, आय एक. हजार, नऊशे, दहा, एक: १९११. त्याच लेखात पंचम जॉर्जच्या नावापुढे एकटा व्ही उभा आहे, तो पाच. म्हणजे त्या एका वाक्यात आकडे दोन, आणि आपले नेहमीचे अंक एकही नाही.

पाचवीच्या गणिताच्या पुस्तकात आपण हे शिकतो, परीक्षेपुरतं लक्षात ठेवतो आणि पुढे घड्याळाच्या तबकडीवर सोडून देतो. खरं म्हणजे पाठ करायला तिथे फारसं काही नाहीच. चिन्हं सात. आय एक, व्ही पाच, एक्स दहा, एल पन्नास, सी शंभर, डी पाचशे, एम हजार. आता अक्षरं सोडून नुसत्या किमती म्हणून पाहा: एक, पाच, दहा, पन्नास, शंभर, पाचशे, हजार. ही तर आपल्या गल्ल्यातली रास! दोन, वीस, दोनशे एवढे काढून टाका, २०१६ मध्ये बंद झालेली हजाराची नोट परत आणून ठेवा, की रोमन आकड्यांचा सगळा संच हातात आला.

ही तुलना मी सहज केलेली नाही. रोमन आकडा वाचणं म्हणजे रक्कम मोजणंच आहे. एल-एक्स-एक्स-एक्स-व्ही-आय-आय असं समोर आलं तर पन्नासाची एक, दहाच्या तीन, पाचाची एक आणि वर दोन सुटे. सत्त्याऐंशी. मोठ्या नोटा आधी, चिल्लर शेवटी. आणि नऊ रुपये द्यायचे असतील तर? चार सुटे शोधत बसण्यापेक्षा दहाची नोट पुढे करून रुपया परत घेणं सोपं. आय-एक्स हेच करतो. तो परत घ्यायचा रुपया आधी लिहितो, एवढंच.

शाळेत आपल्याला दर्शनी किंमत आणि स्थानिक किंमत असे दोन शब्द शिकवले होते. ३३३ मध्ये तीनदा तीनच आहे, दर्शनी किंमत तिघांची सारखी, पण बसण्याच्या जागेमुळे एकाचे तीनशे होतात, दुसऱ्याचे तीस आणि तिसऱ्याचे नुसते तीन. रोमन लेखनात ही भानगड नाही. सी कुठेही बसो, तो शंभरच, फार तर मिळवायचा की वजा करायचा एवढाच प्रश्न. तीनशे तेहेतीस लिहायचे तर तीन सी, तीन एक्स, तीन आय, अशी नऊ चिन्हं मांडायची. आपण तीन अंकांत भागवतो ते त्यांना नऊ लागतात, पण त्या नऊंपैकी प्रत्येकजण आपली किंमत कपाळावर लिहून आलेला असतो. सारा फरक इथेच आहे, आणि पुढचं सगळं यातूनच निघतं.

वजाबाकीचा हा भाग मुलांना अवघड जातो असं म्हणतात. मराठी मुलांना तो जाऊ नये. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस करत आपण थेट एकोणनव्वदपर्यंत प्रत्येक वेळी पुढच्या दशकातून एक उणा करतच मोजत आलो आहोत. घड्याळ बघून पावणेचार म्हणतो तेव्हाही चारातून पाव वजा करतो. रोमन लोकांची बोलीही अशीच होती. लॅटिनमध्ये एकोणिसाला वीसातून एक कमी म्हणत, आणि त्याहून पुढे जाऊन अठराला वीसातून दोन कमी. त्यांची तारीखसुद्धा उलटी चाले. महिन्यात तीन ठरलेले दिवस असत आणि मधली प्रत्येक तारीख पुढच्या ठरलेल्या दिवसाला अजून किती दिवस उरले यावरून सांगायची. १४ मार्चला ते ‘मध्याच्या आदला दिवस’ म्हणत. मध्य म्हणजे १५ मार्च, ज्या दिवशी ज्युलियस सीझरचा खून झाला तो.

मात्र वजाबाकीला शिस्त आहे. कुणीही उठून कुणाच्याही आधी बसायचं नाही. आय फक्त व्ही आणि एक्सच्या आधी, एक्स फक्त एल आणि सीच्या आधी, सी फक्त डी आणि एमच्या आधी. व्ही, एल, डी ही पाचाची मंडळी कधीच वजा होत नाहीत. म्हणून १९९९ लिहायचे असेल तर दोन हजारांतून एक कमी असा आखूड मार्ग बंद आहे. आधी हजार, मग नऊशे, मग नव्वद, मग नऊ: एम, सी-एम, एक्स-सी, आय-एक्स. नव्व्याण्णवला आपणही एकोणशंभर म्हणत नाही. नव्वद आणि नऊ म्हणतो. अगदी एक्स-सी-आय-एक्ससारखं.

लिहिण्याची युक्तीही यातच आहे. संख्या फोडायची आणि एकेक तुकडा शेजारी शेजारी ठेवायचा. १९४७ म्हणजे हजार, नऊशे, चाळीस, सात: एम, सी-एम, एक्स-एल, व्ही-आय-आय. महाराष्ट्र राज्याचं १९६० फारच सुटसुटीत आहे, एम-सी-एम-एल-एक्स. आणि बोरीबंदरची इमारत पूर्ण झाली ते १८८८ साल कोरायला बसलेल्या पाथरवटाची कीव यावी: एम-डी-सी-सी-सी-एल-एक्स-एक्स-एक्स-व्ही-आय-आय-आय. तेरा अक्षरं. आजवर होऊन गेलेल्या सालांत याहून लांब एकही नाही. विक्रम मोडायला २८८८ उजाडावं लागेल.

हे नियम मात्र रोमन लोकांना कुणी सांगितले नव्हते.

रोमच्या कलोसियमला तळाशी ८० कमानी होत्या. चार मुख्य दारं सोडून बाकी ७६ वर क्रमांक कोरलेले होते, हजारो प्रेक्षकांनी आपापल्या दारानं आत जावं म्हणून. भूकंपांत आणि दगडचोरीत बऱ्याच कमानी गेल्या, पण २३ ते ५४ या क्रमांकांची रांग अजून उभी आहे. त्यातली चव्वेचाळिसावी कमान बघा. तिच्यावर एक्स-एल-आय-आय-आय-आय आहे. चाळीस लिहिताना पन्नासातून दहा वजा केले, आणि चार लिहिताना सरळ चार काठ्या ओढल्या. एकाच दगडावर, एकाच आकड्यात, दोन्ही रीती! आपल्या पाचवीच्या बाईंनी अर्धा गुण कापला असता.

बॉनच्या संग्रहालयात एक स्मारकशिला आहे, ती याहून मजेशीर. ती मार्कस केलियस नावाच्या शताधिपतीची आहे, म्हणजे रोमन पायदळातल्या तुकडीच्या नायकाची. इसवी सन ९ मध्ये जर्मनीच्या जंगलात वारुस या सेनापतीच्या तीन पलटणी कापल्या गेल्या. केलियस त्यात पडला. देह मिळाला नाही, म्हणून भावानं हा दगड उभारला. वर केलियस छातीवर मानचिन्हं मिरवत उभा आहे, दोन्ही बाजूंना त्याचे मुक्त केलेले दोन गुलाम आहेत आणि खाली मजकूर. पलटण अठरावी. ती लिहिली आहे एक्स-आय-आय-एक्स अशी. पुस्तकातला अठरा म्हणजे एक्स-व्ही-आय-आय-आय, पण या पाथरवटानं बोलीतला ‘वीसातून दोन कमी’ तसाच उचलून दोन दहांच्या मधे दोन काठ्या घातल्या. आजच्या नियमानं साफ चूक. ज्यांचे आकडे त्यांनीच, सरकारी पलटणीच्या नावात लिहिलेले, आणि चूक ठरवणारे आपण! त्याच दगडावर केलियसचं वयही आहे: एल-आय-आय-आय आणि पुढे एस. एस म्हणजे अर्धा. साडेत्रेपन्न वर्षांचा होता बिचारा.

ही ढिलाई रोमबरोबर संपली असंही नाही. लंडनमध्ये ट्रफाल्गर चौकाच्या कोपऱ्यावर ॲडमिरल्टी आर्च ही कमान आहे. सातव्या एडवर्डनं आपल्या आईच्या, व्हिक्टोरिया राणीच्या, स्मरणार्थ ती बांधवली. तिच्यावरचं साल १९१०, पण लिहिलंय एम-डी-सी-सी-सी-सी-एक्स. नऊशेसाठी पाचशे आणि वर चार शंभर. एडवर्डचा मुलगा तो पंचम जॉर्ज. बापाच्या कमानीवर नऊशेला पाच अक्षरं खर्ची पडली, मुलाच्या मुंबईतल्या कमानीवर दोनांत काम झालं. साम्राज्य एक, घराणं एक, सालांत अंतर एका वर्षाचं. मला तर हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहण्यात एखादा नियम पाठ करण्यापेक्षा जास्त मजा वाटते.

मुळात ही अक्षरंही नव्हती. बहुतेक अभ्यासकांचं मत असं की सुरुवात काठीवरच्या खाचांपासून झाली. गुरं मोजताना एकेक खाच पाडायची, पाचवी जरा वेगळी, दहावी फुलीची, म्हणजे मोजताना डोळा चुकत नाही. रोमनांच्या आधी इटलीत नांदणाऱ्या एट्रुस्कन लोकांच्या लेखांत पाचाचं चिन्ह उलट्या व्हीसारखं आहे आणि दहाचं फुलीसारखं. म्हणजे फुली मधोमध कापा, पाच मिळाले. पाच हा दहाचा निम्मा, त्याचं चिन्हही निम्मंच! हजाराचं जुनं चिन्ह गोलात उभी रेघ असं होतं. त्याचा उजवा अर्धा घ्या, काय दिसतं? डी. पाचशे. ही चिन्हं पुढे लॅटिन अक्षरांसारखी दिसायला लागली आणि मग अक्षरंच झाली. शंभराच्या सीला आणि हजाराच्या एमला लॅटिन शब्दांची आद्याक्षरं सोईस्कर जुळून आली, म्हणून आपल्याला वाटतं की सगळी लिपीतूनच निघाली.

आता हिशोबाकडे येऊ. अशा आकड्यांत बेरीज करायची कशी, हा प्रश्न ऐकला की लोक रोमनांची दया करतात. करून तर बघा. २७ अधिक १८. एक्स-एक्स-व्ही-आय-आय आणि एक्स-व्ही-आय-आय-आय. दोन्ही ढीग एकत्र करा: तीन एक्स, दोन व्ही, पाच आय. पाच आय देऊन एक व्ही घ्या, आता व्ही तीन झाले. त्यातले दोन देऊन एक एक्स घ्या, आता एक्स चार आणि व्ही एक. चार एक्सच्या जागी एक्स-एल लिहा. एक्स-एल-व्ही, पंचेचाळीस. सात आणि आठ पंधरा, हातचा एक, असलं काहीच लागलं नाही. पाठांतर शून्य. ज्याला सुट्टे करून देता येतात त्याला ही बेरीज येते. गुणाकार-भागाकाराला मात्र ही लिपी खरोखर कुचकामी आहे, यात शंका नाही.

पण असला हिशोब रोमन लोक कागदावर करतच नव्हते. आकडा लिहायचा तो उत्तर नोंदवण्यासाठी. हिशोब व्हायचा मोजपाटीवर, खड्यांनी किंवा मण्यांनी. तळहातावर मावेल एवढ्या ब्राँझच्या रोमन मोजपाट्या सापडल्या आहेत. तिच्यात उभ्या खाचा असतात: एककाची, दशकाची, शतकाची, अशा पुढे दशलक्षापर्यंत. प्रत्येक खाचेत खाली सरकते मणी चार, आणि वर आखूड खाचेत एक मणी, तो पाचाचा. नऊ दाखवायचे तर वरचा एक आणि खालचे चारही पुढे सरकवायचे. हे चित्र डोळ्यांसमोर ठेवून कलोसियमच्या त्या दगडांकडे पुन्हा बघा. तिथे नऊ लिहिलेत व्ही-आय-आय-आय-आय असे. पाथरवटानं मोजपाटीच कोरून ठेवली होती!

इथे मी दर वेळी थबकतो. त्या मोजपाटीत मणी सगळे सारखेच. दशकाच्या खाचेतला मणी दहाचा आणि शतकाच्या खाचेतला शंभराचा ठरतो तो केवळ जागेमुळे. ही स्थानिक किंमतच झाली की. खाच रिकामी राहिली तर तिथे शून्य. म्हणजे ज्या कल्पनेनं पुढे जगाचं गणित बदललं ती रोमन वाण्याच्या बोटांखाली रोज सरकत होती. लिहायला बसला की तो ती विसरायचा. रिकामी खाच हे त्याच्या लेखी काहीच नव्हतं, मग जे नाही त्याला चिन्ह कशाला?

आपण इथे कॉलर ताठ करायच्या आधी जुन्नरजवळच्या नाणेघाटात जाऊन यावं. देशावरून कोकणात उतरणाऱ्या त्या व्यापारी वाटेवर सातवाहनांची लेणी आहे, आणि तिच्या भिंतींवर इसवी सनापूर्वीच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला ब्राह्मी लेख. यज्ञ केले, दक्षिणा दिली, त्यात गाई किती, कार्षापण नाणी किती, असा तो ताळेबंद आहे. भारतातल्या सगळ्यात जुन्या आकड्यांत त्यांची गणना होते. आणि त्या आकड्यांत शून्य नाही, स्थानिक किंमतही नाही. दहाला वेगळं चिन्ह, वीसाला वेगळं, शंभराला आणि हजाराला वेगळं. चारशे लिहायचे तर शंभराच्या चिन्हाला चाराचं चिन्ह जोडायचं. रोमन प्रजासत्ताकाच्या त्या काळात सह्याद्रीतही दर्शनी किमतीचाच कारभार चालू होता.

मधल्या काही शतकांत इथे कुणीतरी त्या रिकाम्या खाचेला चिन्ह दिलं. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तानं शून्याशी बेरीज-वजाबाकी-गुणाकार करायचे नियमच घालून दिले. ८७६ सालचा ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरच्या चतुर्भुज मंदिरातला शिलालेख तर आज कुणालाही वाचता येईल. देवाच्या फुलांसाठी बाग दिली, लांबी २७० हात, रुंदी १८७ हात, आणि रोज ५० माळा. दोनशे सत्तरच्या शेवटी बारीकसं वर्तुळ आहे, आजच्यासारखंच. दोन, सात आणि ते. तीन चिन्हांत काम झालं. रोमन पाथरवटाला याच संख्येला पाच लागली असती, आणि रिकाम्या एककाबद्दल तो अवाक्षरही बोलला नसता.

अरबांमार्फत हे अंक युरोपात पोचले. पिसाच्या लिओनार्दोनं, ज्याला आपण फिबोनाची म्हणून ओळखतो त्यानं, १२०२ मध्ये त्यांच्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि व्यापाऱ्यांना उदाहरणांसह ते शिकवले. व्यापाऱ्यांनी हरखून जायला हवं होतं. झालं उलटंच: १२९९ मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफ मंडळानं वह्यांत हे अंक वापरायला बंदी घातली. कारण समजण्याजोगं आहे. शून्याला एक शेपूट जोडलं की त्याचा सहा किंवा नऊ होतो, आणि शेवटी एक अंक वाढवला की रक्कम दसपट. दर्शनी किमतीच्या आकड्याशी खेळ करून एवढा मोठा घपला सहजासहजी होत नाही. वीस रुपयांपुढे एक आय वाढवलात तर झाले एकवीस, दोनशे नव्हेत. आज आपण चेकवर रक्कम अक्षरी लिहितो ती याच भीतीपोटी.

शेवटी हिशोब नव्या अंकांकडे गेला आणि रोमनांकडे उरलं क्रमांक लावण्याचं काम. आपल्या संविधानाच्या इंग्रजी प्रतीत भागांना रोमन क्रमांक आहेत. मूलभूत हक्कांचा भाग तीन आय, मूलभूत कर्तव्यांचा आय-व्ही-ए. त्यातला ए म्हणजे आकडा नव्हे. १९७६ च्या दुरुस्तीनं तो भाग मागाहून मधे घातला, त्याची ती खूण. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकचा क्रमांक एक्स-एक्स-एक्स-आय-आय-आय होता, आणि त्या तेहेतिसांत महायुद्धांमुळे न झालेल्या १९१६, १९४० आणि १९४४ च्या स्पर्धाही मोजलेल्या आहेत. अमेरिकी फुटबॉलच्या सुपर बोलवाल्यांची पन्नासाव्या वेळी पंचाईत झाली. नुसता एकटा एल फलकावर बरा दिसेना, तेव्हा २०१६ मध्ये त्यांनी तेवढ्यापुरते सरळ ५० लिहिले आणि पुढच्या वर्षी परत रोमनवर आले. इंग्रजी पुस्तकांच्या प्रस्तावनेची पानं छोट्या रोमन आकड्यांत असतात. आपले प्रकाशक तिथे एक, दोन, तीन अक्षरी छापतात, आणि मला तीच रीत जास्त आवडते.

राहता राहिलं घड्याळ. बहुतेक रोमन तबकड्यांवर चार हा आय-व्ही नसतो, चार काठ्यांचा असतो. का, याच्या अनेक कथा आहेत आणि बऱ्याचशा राजेरजवाड्यांच्या लहरीवर येऊन संपतात, त्या सोडून द्याव्यात. तबकडीच नीट पाहिली तर दोन गोष्टी दिसतात. चार काठ्यांचा चार ठेवला की पहिल्या चार आकड्यांत नुसता आय, पुढच्या चारांत व्ही आणि शेवटच्या चारांत एक्स, अशी बारांची समान वाटणी होते. शिवाय तबकडीला लागणारी सगळी चिन्हं मोजा: आय वीस, व्ही चार, एक्स चार. सगळे चारनं भागले जाणारे, म्हणजे पाच आय, एक व्ही, एक एक्स असा एकच साचा चारदा ओतला की काम झालं. घड्याळजींनी खरंच हा विचार केला होता की आपण मागाहून हुशारी करतोय, हे बाजूला ठेवलं तरी हिशोब चोख आहे. वजाबाकीचा आय-व्ही वापरला तर आय होतात सतरा आणि व्ही पाच, आणि सगळं गणित विस्कटतं. लंडनच्या बिग बेनवर मात्र तोच आय-व्ही आहे, आणि १८५९ पासून त्यावाचून लंडनकरांची एकही गाडी चुकलेली नाही.